मेटल कोअरची लाँगबोर्ड चाकं: पैसे टाकण्याआधी काय काय तपासायचं

लाँगबोर्डला, म्हणजे लांब स्केटबोर्डला, मेटल कोअरची (आत धातूचा गाभा असलेली) चाकं घ्यावीत का? आधी उत्तर सांगून टाकतो. क्रूझिंग (आरामात फिरणं), कार्व्हिंग (डावी-उजवीकडे वळणं घेत जाणं), कॅम्पसमधली ये-जा आणि थोडंफार फ्रीराइड (उतारावर चाकं आडवी घसरवत, म्हणजे स्लाइड मारत उतरणं) एवढंच करत असाल, तर मेटल कोअरच्या चाकांवर पैसे घालू नका. त्याच पैशात चांगल्या युरेथेनचा साध्या कोअरचा सेट आणि चार बरी बुशिंग्ज (बोर्डाचं वळणं सांभाळणारे रबरासारखे गट्टू) येतात, आणि बोर्डात पडणारा फरक पायाला लगेच कळतो. मेटल कोअर कामाला येतो अशा जागा आहेत, पण त्या थोड्या आहेत. त्या कोणत्या, आणि घ्यायचंच ठरलं तर चाक हातात आल्यावर काय बघायचं, हे क्रमाने पाहू.

कोअरचं काम काय, हे आधी नीट कळू द्या

लाँगबोर्डच्या चाकाचा रस्त्याला लागणारा भाग युरेथेनचा. त्याच्या पोटात बसलेला कडक गाभा म्हणजे कोअर. बेअरिंग या कोअरमध्ये बसतं. लाँगबोर्ड, स्केटबोर्ड, क्वाड (दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे स्केट्स), इनलाइन (एका रांगेतल्या चाकांचे), सगळीकडे चालणारं ते ६०८ बेअरिंग: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, रुंदी ७ मिमी. कोअरचं पहिलं काम म्हणजे दोन्ही बेअरिंगं एका रेषेत, एकमेकांना समांतर धरून ठेवणं. दुसरं काम, भोवतालच्या मऊ युरेथेनला आतून आधार देणं, म्हणजे वळणावर चाकाची कड आत दुमडत नाही.

कोअर नसलेली चाकंही मिळतात. त्यात बेअरिंग थेट युरेथेनमध्ये बसतं आणि वजन पडलं की किंचित तिरकं होतं. छोट्या कडक चाकात हे खपून जातं, ७० मिमीच्या मऊ चाकात खपत नाही. म्हणून लाँगबोर्डच्या बहुतेक चाकांत कोअर असतो, आणि तो बहुतेक वेळा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा किंवा तसल्याच कडक प्लास्टिकचा असतो. मेटल कोअर म्हटलं की जवळजवळ नेहमीच ॲल्युमिनियम.

आता आकडे बघा, कारण जाहिरातीतला सगळा जोर ‘कडकपणा’वर असतो. ८०ए ड्युरोमीटरच्या (हा रबर-युरेथेनच्या कडकपणाचा आकडा; जास्त म्हणजे कडक) युरेथेनचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे दाबाला तो किती दाद देत नाही याचं माप, ढोबळमानाने १० मेगापास्कल. काचतंतूच्या नायलॉनचा ६ ते ९ गिगापास्कल, म्हणजे युरेथेनच्या सहाशे ते नऊशे पट. ॲल्युमिनियमचा साधारण ७० गिगापास्कल. म्हणजे ॲल्युमिनियम नायलॉनच्या आठ-दहा पट कडक आहे, हे खरं. पण वजन कोअर आणि युरेथेन दोघांमधून एकापाठोपाठ जातं. तुमच्या वजनाखाली युरेथेन १ मिमी दबलं, तर नायलॉनचा कोअर त्याच्या हजाराव्या हिश्शाइतका दबेल. कोअर भरीव नाही, आऱ्यांचा आहे, म्हणून त्याचे दहापट धरा. तरी हिशोब मायक्रॉनमध्येच राहतो. त्या मायक्रॉनमधले थोडे ॲल्युमिनियमने वाचवले म्हणून बोर्ड वेगळा पळायला लागत नाही. जाड गादीखालचा पलंग सागाचा आहे की लोखंडी, हे झोपणाऱ्याच्या पाठीला कळत नाही, तसाच हा प्रकार.

म्हणून कोअर कशाचा आहे यापेक्षा तो केवढ्या व्यासाचा आहे, चाकात मधोमध आहे की एका बाजूला, आणि त्याच्याभोवती युरेथेन किती उरलंय, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

पायरी १: तक्रार नेमकी कशाची आहे ते ठरवा

‘चाकं स्लो आहेत’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि त्यात दोष कोअरचा फार क्वचित असतो. चाक फिरताना जी ऊर्जा जाते ती मुख्यतः युरेथेन दबून परत फुगताना उष्णतेत जाते. चांगलं युरेथेन बरीचशी ऊर्जा परत देतं, स्वस्त युरेथेन खाऊन टाकतं. याला रिबाउंड म्हणतात, आणि तो घरी तपासता येतो. बेअरिंग काढलेलं चाक फरशीवर १ मीटरवरून सोडा, मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये उडी बघा. दुसरं चाक त्याच फरशीवर, त्याच उंचीवरून. साधारण सारख्या आकाराच्या दोन चाकांत एक गुडघ्यापर्यंत उसळतं आणि दुसरं धप्पकन बसतं, एवढा फरक दिसू शकतो.

विक्रेत्याच्या व्हिडिओत चाक बोटाने फिरवतात आणि ते मिनिटभर फिरत राहतं, त्याला भुलू नका. तिथे चाकावर वजन नसतं, त्यामुळे युरेथेन दबतच नाही. शिवाय जड कोअरचं चाक नुसत्या जडपणामुळेही जास्त वेळ फिरतं. त्या व्हिडिओतून कळतं ते एवढंच, की बेअरिंगमध्ये ग्रीस कमी आहे.

वेगाचीही एक समजूत आहे, की जोरात जायचं तर धातूच हवा. ७० मिमीच्या चाकाचा घेर साधारण २२ सेंमी. ताशी ६० किमी वेगाला ते मिनिटाला ४,५०० च्या आसपास फेरे घेतं. २०१७ मध्ये पीट कॉनोली या स्केटरने कॅनडातल्या क्युबेक प्रांतात उभं राहून उतरण्याचा ताशी १४६.७३ किमीचा विक्रम केला. तो वेग या आकाराच्या चाकाला लावला तर मिनिटाला ११,००० फेरे होतात. ६०८ बेअरिंगच्या कॅटलॉगमधली मर्यादा याच्या दुपटीच्याही वर असते. तुमच्या-आमच्या उतारावर बेअरिंग किंवा कोअर आड येत नाही. आड येतो तो रस्ता.

तक्रार ‘वळणावर बोर्ड ढिलाढाला वाटतो’ अशी असेल तर आधी बुशिंग बघा. ‘खडखड होते’ अशी असेल तर पुढची पायरी सोडू नका.

पायरी २: स्पेसर, स्पीड रिंग आणि नट

चाक बदलण्याआधी हे करायचंच. यात थोडक्या सामानात बऱ्याच तक्रारी मिटतात, आणि मेटल कोअर घ्यायचा असेल तर याच्याशिवाय तो घेऊच नये.

दोन बेअरिंगांच्या मध्ये ॲक्सलवर एक नळीचा तुकडा बसतो, तो स्पेसर. ८ मिमी ॲक्सलच्या लाँगबोर्ड चाकांत त्याची लांबी १० मिमी. बेअरिंगच्या दोन्ही बाहेरच्या अंगाला पातळ वॉशर, त्याच स्पीड रिंग. सगळं बसवा, नट घट्ट करा. चाक मोकळं फिरायला हवं आणि हाताने हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकाच ढिलेपणा राहायला हवा.

नट आवळल्यावर चाक जाम होत असेल तर स्पेसर आखूड आहे किंवा बेअरिंग पूर्ण आत बसलेलं नाही. नट पूर्ण आवळूनही चाक ॲक्सलवर डावी-उजवीकडे टकटक करत असेल तर स्पेसर लांब आहे. व्हर्नियर असेल तर दोन्ही बेअरिंगं बसवल्यावर एका बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या बाहेरच्या तोंडापर्यंत मोजा: ७ अधिक १० अधिक ७, म्हणजे २४ मिमी यायला हवं. इंजिनिअरिंग किंवा आयटीआयला असलेला मित्र सगळ्यांनाच असतो. व्हर्नियर त्याच्याकडून आणा, पट्टीने हे मोजता येत नाही.

प्लास्टिकचा कोअर इथली थोडी चूक पोटात घालतो, किंचित वाकतो, बेअरिंगला सरकू देतो. ॲल्युमिनियम तसं करत नाही. स्पेसर दशांश-दोन दशांश मिलिमीटरने चुकला तर तो सगळा भार बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा पडतो आणि नवंकोरं बेअरिंग करकरायला लागतं. ‘मेटल कोअर घेतला आणि बेअरिंग लवकर जायला लागली’ अशी ओरड ऐकली तर आधी इथे बोट ठेवा.

पायरी ३: आत्ताचा कोअर खरंच गेलाय का?

बेअरिंग काढा आणि सीटकडे, म्हणजे ते बसतं त्या गोल खोबणीकडे, उजेडात बघा. सीटच्या भिंतीवर काळपट, चकाकणारा पट्टा आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरही तशीच घासण दिसली, तर बेअरिंग सीटमध्ये फिरतंय. बेअरिंग अंगठ्याने न दाबताच आत पडत असेल तरी तेच. आऱ्यांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का, तेही बघा. यातलं काही असेल तर तो सेट संपला. पण त्यावर उपाय म्हणजे मेटल कोअरच असं नाही. चांगल्या कंपनीचा नायलॉन कोअर वर्षानुवर्षं असं करत नाही.

पायरी ४: युरेथेनची जाडी काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि खरेदी करताना हीच कुणी करत नाही. चाकाच्या व्यासातून कोअरचा व्यास वजा करा, निम्मं करा. ७० मिमीच्या चाकात ४० मिमीचा कोअर असेल तर सगळीकडून १५ मिमी युरेथेन. कोअर ५२ मिमीचा असेल तर फक्त ९.

मोठा कोअर म्हणजे आधार जास्त, कड कमी दुमडते, स्लाइड सुटसुटीत. पण धक्का शोषणारा थर पातळ. गुळगुळीत डांबरावर ९ मिमी छान लागतात. आपल्याकडचे सिमेंटचे रस्ते मात्र पकड राहावी म्हणून आडव्या रेघा ओढून केलेले असतात, आणि सोसायट्यांमध्ये, फुटपाथवर पेव्हर ब्लॉक. त्यावर पातळ युरेथेन म्हणजे टाचेपासून दाढेपर्यंत थरथर. मेटल कोअरच्या चाकांत बऱ्याचदा कोअर मोठा ठेवलेला असतो, कारण चकाकणारा धातू बाजूने दिसला की चाक देखणं दिसतं. देखणेपणापायी युरेथेन कापलं गेलंय का, हे त्या वजाबाकीतून कळतं.

याचा अनुभव फुकटात घ्यायचा असेल तर हब-मोटरचा इलेक्ट्रिक बोर्ड एखाद्याकडून पाच मिनिटं मागून घ्या. त्यात मोटरचं ॲल्युमिनियमचं डबडं हाच कोअर असतो आणि त्यावर युरेथेनची पातळ बाही चढवलेली असते. मेटल कोअरचं सगळ्यात टोकाचं रूप ते. खडबडीत रस्त्यावर तो बोर्ड कसा लागतो ते पायांना विचारा. म्हणूनच बेल्ट-ड्राइव्ह (मोटर वेगळी आणि पट्ट्याने चाक फिरवणारे) बोर्डवाले ऑरंगटँगची ८० मिमीची केगल किंवा अबेक ११ ची ८३, ९०, ९७ मिमीची फ्लायव्हील अशी जाड युरेथेनची चाकं लावतात. त्यांचे कोअर प्लास्टिकचे असतात, आणि मोटरची पुली त्या प्लास्टिकलाच अडकवलेली असते. मोटरचा जोर झेलणारं प्लास्टिक तुमच्या ढकलण्याने मोडणार नाही.

उष्णतेचं काय?

विक्रेत्यांचा दुसरा मुद्दा हा: ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं, चाक थंड राहतं. ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची उष्णतावहनता (वॅट प्रति मीटर-केल्विन) १६० च्या पुढे, नायलॉनची जेमतेम पाव-अर्धा. तिथे स्पर्धाच नाही. पण उष्णता कोअरपर्यंत पोहोचायला हवी ना! स्लाइडमध्ये ती तयार होते रस्त्याच्या बाजूला, आणि मध्ये असतं युरेथेन, जे स्वतःच उष्णतारोधक आहे. युरेथेनमधून उष्णतेला १ मिमी आत शिरायला दहाएक सेकंद लागतात, आणि अंतर वाढलं की वेळ त्याच्या वर्गाने वाढतो. १५ मिमीला अर्ध्या तासाच्या वर. तुमची स्लाइड तीन सेकंदांची. कोअरला पत्ताही लागत नाही.

लांब, न थांबता चाललेल्या प्रवासात गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे युरेथेन आतूनच तापतं, कारण प्रत्येक फेऱ्यात ते दबतं-फुगतं. जड माणूस, मऊ चाक, दुपारचं डांबर आणि सततचा वेग असं जमून आलं तर कोअरजवळचा थरही गरम होतो. तिथे धातू थोडी उष्णता बेअरिंग-ॲक्सलकडे नेऊ शकतो. अशा वापरात मी मेटल कोअरच्या बाजूने अर्धं मत देईन. पूर्ण नाही, कारण तीच उष्णता धातू आणि युरेथेनच्या जोडावरही बसते, आणि मेटल कोअरच्या चाकाचा कच्चा दुवा नेमका तोच आहे.

मग घ्यावा कुणी?

स्टंट स्कूटरवाल्यांनी (पायाने ढकलायच्या, कसरतींच्या स्कूटर) घ्यावा, किंबहुना ते घेतातच. १०० ते १२० मिमीची अरुंद, ८८ए च्या आसपासची कडक चाकं, पातळ युरेथेन, आणि रॅम्पवरून उतरताना सगळा भार दोन चाकांवर. तिथे प्लास्टिकचे लांब आरे तुटतात, धातू टिकतो. रिंकवर क्वाड स्केट्स घालणाऱ्यांनाही अर्थ आहे. रोलर डर्बीत (क्वाड स्केट्सवरच्या धक्काबुक्कीच्या खेळात) ॲल्युमिनियम हबची, म्हणजे कोअरची, चाकं सर्रास दिसतात, ॲटमची ज्यूक अलॉय ही त्यातली एक. गुळगुळीत फरशी, कडक युरेथेन, छोटा व्यास. युरेथेनच कडक असलं की वर केलेला हिशोब बदलतो आणि हबचा कडकपणा थोडा जाणवू लागतो. महाराष्ट्रातल्या स्केटिंग क्लासमध्ये मुलांच्या क्वाड्सवर अशी चाकं कुणी सुचवत असेल तर तो सल्ला अगदीच चुकीचा नाही, फक्त स्पर्धेत उतरण्याआधी त्याची घाई नको.

लाँगबोर्डवर? जड वजनाचा, कडक चाकं वापरणारा, गुळगुळीत आणि ओळखीच्या रस्त्यावर डाउनहिल (वेगाने उतार उतरणं) करणारा माणूस, ज्याला बेअरिंगची सीट वर्षानुवर्षं तंतोतंत हवी आहे. त्याने विचार करावा. तरी डाउनहिलच्या स्पर्धांत बहुतेकांच्या बोर्डांखाली प्लास्टिक कोअरच दिसतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

फ्रीराइड करणाऱ्यांनी मात्र सरळ नाही म्हणावं. स्लाइड मारून मारून चाक कोअरपर्यंत झिजवणं हा त्यांचा नेम. प्लास्टिकचा कोअर रस्त्याला लागला तर खरखर होते. धातूचा लागला तर पकड एका झटक्यात जाते, ठिणग्या उडतात. आणि महागडा कोअर युरेथेनसोबत कचऱ्यात जातो तो वेगळाच.

त्यावर कुणीतरी हमखास विचारतं, की कोअर तर राहिला ना, त्यावर नवं युरेथेन चढवून घेऊ. औद्योगिक वसाहतींमध्ये रोलरवर आणि फोर्कलिफ्टच्या चाकांवर युरेथेनचं अस्तर चढवून देणारे असतात, हे खरं. पण ते युरेथेन भार आणि झीज सोसायला बनवलेलं असतं, उसळी द्यायला नाही. चाक गोल होईल, फिरेल, आणि बोर्ड चिखलातून चालल्यासारखा चालेल. टर्नरकडून लेथवर कोअर बनवून घेण्याचा विचारही याच कारणाने तिथेच थांबतो: कोअर सुंदर निघेल, त्यावर ओतायला चांगलं युरेथेन आणणार कुठून?

वजनाची भीती मात्र फार धरू नका. ॲल्युमिनियमची घनता २.७, काचतंतू-नायलॉनची १.४ च्या आत. एकाच मापाचा कोअर धातूचा केला तर दुप्पट जड. पण कोअरच मुळात २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार चाकांत शंभर ग्रॅमसुद्धा वाढत नाहीत, आणि ते वजन मध्याजवळ असल्याने ढकलताना जाणवत नाही.

पायरी ५: चाक हातात आल्यावर

इतकं वाचून तुम्ही ‘तरी घेणार’ या गटात असाल तर पार्सल उघडल्यावर बोर्डला लावण्याआधी हे बघा. परदेशातून मागवलं असेल तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी भरून आलेला माल परत पाठवणं म्हणजे दुसरा भुर्दंड, त्यामुळे दोष पहिल्याच दिवशी, फोटोसकट, विक्रेत्याला कळवलेला चांगला.

पहिला भाग जोड. ॲल्युमिनियमला युरेथेन आपोआप चिकटत नाही. धातूवर वाळूचा मारा करून तो खरखरीत करावा लागतो, तेलकटपणा काढावा लागतो, चिकटवणारा प्रायमर लावावा लागतो आणि मग ओतकाम. यातली एक पायरी उरकून टाकली की चाक दिसतं छान, पण महिन्याभरात सुटतं. कोअर आणि युरेथेन मिळतात त्या गोल रेषेवर उजेड तिरका पाडून चाक हळूहळू फिरवा. कुठेही फट, बुडबुड्यांची रांग किंवा फिकट पट्टा दिसता कामा नये. अंगठ्याने युरेथेनची कड बाहेर ओढल्यासारखी दाबा. त्या रेषेत काळी चीर उघडली तर चाक परत. वहीच्या पानाचा कोपरा त्यात शिरत असेल तर बघायलाच नको. कोअरच्या बाहेरच्या अंगाला खाचा किंवा भोकं असून युरेथेन त्यात शिरलेलं असेल तर ते जास्त भरवशाचं, कारण मग सगळं नुसत्या चिकटण्यावर सोडलेलं नसतं.

दुसरा भाग सीट. बेअरिंग हाताच्या जोराने, थोडं कष्टाने पण सरळ आत जायला हवं. सैल पडलं तर नको. हातोडीशिवाय जात नसेल तरी नको. कारण असं: साध्या ६०८ बेअरिंगच्या आत गोळ्यांना मिळणारी मोकळी जागा २ ते १३ मायक्रॉन असते. सीट तेवढ्याच मापाने अरुंद निघाली तर बाहेरचं कडं दाबलं जाऊन ती जागा संपते आणि बेअरिंग घासायला लागतं. प्लास्टिक स्वतः ताणून घेतं, धातू घेत नाही. बसवल्यावर आतलं कडं बोटाने फिरवा. बाहेर असताना मोकळं होतं आणि आत गेल्यावर जड झालं, तर सीट लहान आहे.

तिसरा भाग गोलाई. चाक ॲक्सलवर लावून शेजारी स्थिर पेन्सिल धरा, टोक युरेथेनला जेमतेम लागेल असं. फिरवताना एका जागी टोक टेकतं आणि समोरच्या बाजूला डोळ्याला दिसेल अशी फट पडते, तर चाक गोल नाही किंवा कोअर मध्यावर नाही.

पायरी ६: बेअरिंग बसवणं

ट्रकचा, म्हणजे बोर्डाखालच्या धातूच्या सांगाड्याचा, ॲक्सल हाच प्रेस म्हणून वापरा. बेअरिंग ॲक्सलवर, त्यावर चाक, आणि तळहाताने सरळ खाली दाब. मग चाक काढून ॲक्सलवर दुसरं बेअरिंग, त्यावर स्पेसर, आणि चाक उलटं करून पुन्हा दाब. अवघड जात असेल तर चाक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून हाताला चटका बसेल इतक्या, साधारण ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. उकळतं पाणी नको. खोलीच्या तापमानापासून तिथवर गेल्यावर ॲल्युमिनियमची २२ मिमीची सीट सतराएक मायक्रॉनने मोठी होते. बेअरिंग त्या वेळी थंडच राहू द्या. एरवी ताठ बसणारं बेअरिंग मग अलगद जातं.

काढताना जास्त जपा. प्लास्टिकच्या चाकातून आपण ॲक्सलचं टोक बेअरिंगमध्ये थोडं अडकवून पिळ देतो आणि बेअरिंग निघतं. मेटल कोअरमध्ये तसं केलं तर तिरकं झालेलं पोलादी कडं ॲल्युमिनियमच्या भिंतीत ओरखडा काढतं, आणि तो ओरखडा कायमचा. छोटा बेअरिंग पुलर वापरा. स्केटचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो.

पायरी ७: जुन्या-नव्याची गाठ एकाच उतारावर

मोकळ्या, वाहनं नसलेल्या, सौम्य उताराच्या आणि पुढे सपाट होणाऱ्या रस्त्यावर खडूने रेघ मारा. हेल्मेट घाला. रेघेवरून न ढकलता सुटा, जिथे थांबाल तिथे खूण करा. असं जुन्या चाकांवर तीन-चारदा. मग चाकं बदला, बेअरिंग तीच ठेवा, पुन्हा तसंच. बेअरिंग बदललीत तर तुम्ही चाकाची नाही, बेअरिंगची परीक्षा घेताय. वाऱ्याची दिशा फिरली असेल तर तो दिवस सोडून द्या. खुणा एकमेकांत मिसळत असतील तर फरक नाही, मन काहीही म्हणो. खरोखर पुढे गेलात तर युरेथेनचा ब्रँड आणि कडकपणा दोन्ही सेटमध्ये सारखा होता का, हेही स्वतःला विचारा, कारण बहुतेक वेळा श्रेय तिथलं असतं.

उतरल्यावर चाकाच्या बाजूने जोडाची रेषा परत एकदा बघा. आणि एखाद्या खड्ड्यात किंवा गतिरोधकावर चाक जोरात आपटलं असेल तर बेअरिंगची सीट तपासा. नायलॉन आपटल्यावर वाकून परत येतो किंवा सरळ तडकतो. ॲल्युमिनियम अंडाकृती होऊन तसाच राहतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. बेअरिंग एका दिशेने घट्ट आणि दुसऱ्या दिशेने सैल लागलं की समजा.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोव्याकडे राहणाऱ्यांसाठी हे खास. पोलादी बेअरिंग आणि ॲल्युमिनियमची सीट ओली राहिली, त्यात खारी हवा, की दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम गंजतं. पांढरी पूड धरते आणि बेअरिंग सीटमध्ये असं चिकटतं की पुलरलाही दाद देत नाही. ॲनोडाइज केलेला रंगीत थर थोडा वाचवतो, पण बेअरिंग दाबून बसवताना सीटवरचा तो थर घासला जातोच. बसवतानाच सीटच्या भिंतीला ग्रीसचं बोट फिरवा, अगदी पातळ. पावसात भिजलात तर त्याच संध्याकाळी बेअरिंग काढून कोरडं करा, उद्यावर टाकू नका. जूनमध्ये बोर्ड माळ्यावर टाकणार असाल तर चाकं बेअरिंग काढून ठेवा. पूड दिसलीच तर ओल्या फडक्याने किंवा फार तर जुन्या टूथब्रशने काढा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका. सीट मोठी होते आणि मग बेअरिंग आत फिरायला लागतं.